एसावाची भूक

(शास्त्रवाचन : उत्पत्ति २५:२९-३४, १ राजे १९:१-८, मार्क ८:१-९, गलतीकरांस ६:१-५)

धोका ठाऊक असूनही जो तो पत्करतो, त्याला काय म्हणावे? अज्ञानी म्हणता येत नाही, कारण त्याला ज्ञान आहे. केवळ दुष्टही म्हणता येत नाही, कारण हानी प्रथम त्याचीच होते. मग त्याने केलेल्या निवडीला निवड म्हणावे काय, आणि तिचा जाब त्याला कितपत विचारावा? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गापुरता नाही. आपल्या अनेक घरांत, अनेक मंडळ्यांत तो मुलाच्या किंवा भावाच्या रूपाने दारात उभा आहे.

दिल्लीत काश्मिरी गेटजवळ, यमुनेच्या काठाला लागून यमुनाबाजार नावाचा भाग आहे. तेथील हनुमान मंदिराच्या आसपास आणि पुलांखाली स्मॅक ओढणारी किंवा सुईने नशा करणारी बेघर माणसे वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. भंगार वेचून, हमाली करून, मंदिरापाशी वाटल्या जाणाऱ्या अन्नावर ती जगतात. ज्याला उत्तरेत स्मॅक म्हणतात, त्याच भेसळयुक्त हेरॉइनला आपण मराठीत 'गर्द' म्हणतो आणि ती ओढणाऱ्यास 'गर्दुल्ला' म्हणून मोकळे होतो. या शब्दाने माणूस नाहीसा होतो आणि त्याची सवय तेवढी उरते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील सुमारे २.०६ टक्के लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात व सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात, असा त्याचा अंदाज आहे. सुईने नशा करणाऱ्यांत एच.आय.व्ही.चे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे. दुसऱ्याची वापरलेली सुई टोचून घेऊ नये, हे यांतील बहुतेकांना आरोग्यसेवकांनी अनेकदा सांगितलेले असते. तरीही सुई वाटून घेतली जाते. ज्ञान आणि कृती यांच्यामध्ये ही जी दरी आहे, तिच्यात नेमके काय दडले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

शरीराची हाक

अफू, मॉर्फिन, हेरॉइन हे पदार्थ नियमित घेतल्यास शरीर त्यांना गृहीत धरून आपला कारभार चालवू लागते. पुढचा डोस वेळेवर मिळाला नाही की हा कारभार उलटा फिरतो. वैद्यकात यास 'विथड्रॉवल' म्हणतात; आपल्याकडील व्यसनी मंडळींच्या बोलीत त्याला 'टर्की' हा शब्द रूढ आहे. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या डोसानंतर साधारण सहा ते बारा तासांत त्याची सुरुवात होते. प्रथम जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. मग पोटात कळा, उलट्या, जुलाब, हाडे मोडून निघावीत अशी वेदना, आणि झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यातना शिगेला पोहोचतात व आठवड्याभरात ओसरतात. या यातनेने सहसा मृत्यू येत नाही, हे खरे. मात्र तीतून जाणाऱ्याला त्याचा विश्वास वाटत नाही.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की हा माणूस सुखासाठी नशा करतो. प्रारंभी तसे असेलही. परंतु व्यसन जडल्यानंतर तो बहुतांशी या यातनेपासून पळण्यासाठी नशा करीत असतो. सकाळी उठल्यापासून त्याच्या दिवसाची आखणी या एका भयाने होते. हातात पुरेसे पैसे नसतात, म्हणून दोघे-तिघे मिळून एक डोस विकत घेतात. डोस एक, तशी सुईही पुष्कळदा एकच. नवी सुई आणण्यासाठी औषधाच्या दुकानापर्यंत जावे तर अर्धा तास जाईल, वाटेत पोलीस अडवतील. एच.आय.व्ही.मुळे येणारा आजार काही वर्षांनी येईल. कळ आता आली आहे. घाईने शीर शोधली जाते, अंधारात टोचले जाते, अनोळखी माणसाकडून घेतलेली पुडी न तपासता वापरली जाते. चोरी, देहविक्री, कर्ज, खोटी शपथ, हे सर्व याच घाईच्या पोटी जन्मते.

संशोधकांनी ही घाई मोजून पाहिली आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अफूजन्य पदार्थांचे व्यसन असलेल्या आणि उपचार घेणाऱ्या व्यक्तींना काल्पनिक निवडी देण्यात आल्या : थोडे आत्ता हवे की अधिक नंतर? तीच माणसे औषधाच्या सौम्य अभावात असताना आणि औषध मिळाल्यानंतर, अशा दोन्ही स्थितींत त्यांना विचारले गेले. अभावाच्या स्थितीत त्यांच्या दृष्टीने भविष्याचे मोल अधिक घसरले, आणि ते केवळ हेरॉइनच्या बाबतीत नव्हे, तर पैशाच्याही बाबतीत घसरले. म्हणजे तीच व्यक्ती, तीच बुद्धी, तोच स्वभाव; पण शरीर तळमळत असताना उद्याचा दिवस तिच्यापासून दूर गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने याची उलट बाजू दाखवली. ज्यांना नुकताच डोस मिळाला होता, त्यांना काही दिवसांनी मिळणाऱ्या जादा डोसाचे मोल कमी वाटले. डोस मिळण्यापूर्वी विचारले असता तेच मोल अधिक वाटले. शांत अवस्थेतील माणसाला आपल्याच तळमळीचा अंदाज येत नाही.

याकोबाचे भांडे

पवित्र शास्त्राच्या वाचकास हे नवे वाटू नये. एसाव रानातून थकून-भागून आला. याकोब तांबडे वरण शिजवीत होता. एसावाने खायला मागितले, याकोबाने ज्येष्ठत्वाचा हक्क मागितला. आपण मरणाच्या दारी असताना ज्येष्ठत्व काय कामाचे, असे म्हणून एसावाने शपथ वाहिली, खाल्ले, प्याला आणि निघून गेला. तो खरोखर मरणाच्या दारी होता का? बहुधा नव्हता. इसहाकाच्या संपन्न घरात एका वेळच्या भुकेने कोणी मरत नसे. पण त्या घटकेला त्याला तसे वाटले, आणि त्या वाटण्यातून त्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा आशीर्वाद एका जेवणाला विकला. भूक लागली की आजचे पोट मोठे होते आणि उद्याचे वचन लहान होते. संशोधकांनी जे आकड्यांत मांडले, त्याचे चित्र उत्पत्तीच्या लेखकाने पाच-सहा वचनांत काढून ठेवले आहे.

एसावाने आपले ज्येष्ठत्व तुच्छ मानले, असा शास्त्राचा निर्णय आहे, आणि इब्रीकरांस पत्राचा लेखक त्याचे नाव इशारा म्हणून घेतो. हा निर्णय सौम्य करण्याचा आपणांस अधिकार नाही. परंतु आपल्या प्रवचनांत आपण एसावापाशीच थांबतो आणि भांड्याजवळ बसलेल्या दुसऱ्या भावाकडे पाहत नाही. भाऊ भुकेने कासावीस झालेला पाहून याकोबाने त्या भुकेची किंमत ठरवली. त्याने बळजबरी केली नाही, खोटे बोलला नाही, सौदा उघड होता. तरीही आपणांस तो सौदा न्याय्य वाटत नाही. का? कारण दुसऱ्याची निवडशक्ती जेव्हा सर्वांत क्षीण असते, नेमकी तीच घटका याकोबाने साधली. पुढे लाबानाच्या घरी त्यालाही फसवणुकीचे फळ चाखावे लागले.

आजच्या काळात हे भांडे कोणाकोणाच्या हाती आहे? पुडी विकणाऱ्याच्या हाती आहे, हे उघड आहे. तळमळणाऱ्या माणसाला अटकेची धमकी देऊन त्याच्याकडून काहीही कबूल करवून घेणारा कोणी असेल, तर त्याच्या हाती आहे. आणि खेदाने म्हणावे लागते की कधी कधी ते आपल्याही हाती असते. 'आधी सोड, मग घरात ये'. 'आधी पश्चात्ताप कर, मग आम्ही मदत करू'. 'चार दिवस तडफडू दे, म्हणजे अक्कल येईल'. ही वाक्ये आपण धर्मबुद्धीने उच्चारतो. पण ज्या घटकेला माणसाला उद्याचा दिवस दिसत नाही, त्याच घटकेला आपण त्याच्याकडे आयुष्यभराचे वचन मागत असतो. त्या घटकेत दिलेले वचन एसावाच्या शपथेइतकेच असते. आणि ते मोडले की आपण त्याला खोटारडा ठरवतो.

मग जबाबदारी कोणाची?

येथे एक रास्त आक्षेप येतो. हे सर्व शरीरावर ढकलले तर पापाचे काय? पहिली पुडी तर त्याने स्वेच्छेने घेतली. शिवाय व्यसनी माणसाने केलेल्या चोरीने त्याच्या आईचे मंगळसूत्र गेले, त्याच्या सुईने त्याच्या पत्नीला आजार झाला. त्या आईने, त्या पत्नीने कोणाकडे न्याय मागावा?

प्रस्तुत लेखात 'पाप' हा शब्द टाळण्याचा हेतू नाही. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात स्वतःच्या बंधनाचे वर्णन केले आहे : वाकड्या इच्छेतून वासना, वासनेतून सवय, सवयीतून अपरिहार्यता, अशा कड्यांची साखळी, आणि ती आपल्याच इच्छेने घडवलेली. साखळी आपण घडवली, म्हणून ती आपली. पण घडून झाल्यावर ती साखळीच, केवळ इच्छेने ती तुटत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. प्रेषित पौलही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, जे इच्छितो ते न करणाऱ्या आणि ज्याचा द्वेष करतो तेच करणाऱ्या माणसाविषयी लिहितो. आणि तेथे तो स्वतःला निर्दोष ठरवीत नाही, तर सोडवणाऱ्याचा शोध घेतो.

नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात भुकेल्या चोराविषयी एक मार्मिक विचार आहे. भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा लोक तिरस्कार करीत नाहीत. तरीही सापडला तर त्याला सातपट भरून द्यावे लागते. तिरस्कार नाही, पण भरपाई आहे. आपण बहुधा याच्या उलट करतो. व्यसनी माणसाचा तिरस्कार भरपूर करतो, आणि त्याच्या हातून भरपाई होऊ शकेल अशा स्थितीत त्याला येऊ देत नाही. आईचे दागिने परत करायचे तर त्याला काम करावे लागेल. काम करायचे तर त्याचा दिवस पुडीच्या शोधातून मोकळा व्हावा लागेल. ज्याची तळमळ शमली आहे, त्यालाच जाब देता येतो.

यावरून जबाबदारीची खरी जागा कोठे आहे, हे दिसू लागते. तळमळीच्या घटकेत ती अगदी नाहीशी होत नाही, पण फार आक्रसते. ती खऱ्या अर्थाने नांदते शांत घटकेत : डोस मिळालेला आहे, मन थाऱ्यावर आहे, उद्याचा दिवस दिसतो आहे, तेव्हा. उपचार केंद्राकडे जाणे, पैसे पत्नीच्या हाती देणे, जुन्या सोबत्यांचा रस्ता टाळणे, स्वच्छ सुई आधीच जवळ ठेवणे, हे निर्णय त्या घटकेचे आहेत. त्या घटकेचा जाब त्याला अवश्य विचारावा. आणि ज्यांची घटका नेहमीच शांत असते, त्या आपल्यावरही जबाबदारी येते. शांत माणसाला स्वतःच्याच तळमळीचा अंदाज येत नाही, तर दुसऱ्याच्या तळमळीचा न्याय करताना तो किती चुकेल!

आधी भाकर, मग प्रश्न

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला स्पर्श करून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा निजला. देवदूताने पुन्हा खाऊ घातले, कारण वाट लांबची होती. 'तू येथे काय करतोस' हा प्रश्न देवाने विचारला, पण तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. प्रश्न रद्द झाला नाही. तो ऐकण्याजोगे शरीर मात्र आधी देण्यात आले.

व्यसनोपचारात या क्रमाला एक वैद्यकीय रूप आहे. बुप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी वैद्यकीय देखरेखीखाली रोज जिभेखाली दिली जाते. ती तळमळ शमवते, हेरॉइनसारखी चढउताराची लाट आणत नाही, आणि सुईची गरज उरत नाही. दिल्लीत १९९० च्या दशकात 'शरण' या संस्थेने वस्त्यांमधील गरीब व्यसनी लोकांत हे काम केले. पुढे २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ही पद्धत सरकारने स्वीकारली. २००८ मध्ये तिहार कारागृहातही असे केंद्र निघाले. आयुर्विज्ञान संस्थेचे व्यसनोपचार केंद्र गाझियाबाद येथे आहे. ख्रिस्ती रुग्णालयांच्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनने २००४ पासून नागालँड व मणिपूर येथे 'ऑर्किड' प्रकल्पाद्वारे सुईने नशा करणाऱ्यांत रोगप्रतिबंधाचे काम केले. म्हणजे हा प्रश्न ख्रिस्ती सेवेच्या अंगणाबाहेरचा नाही. आपल्या महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले आणि पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' उभारले. या दोहोंचा भर संपूर्ण व्यसनमुक्तीवर राहिला आहे. वाटा वेगळ्या असल्या तरी तळमळणाऱ्याला हाकलून न देता जवळ घेणे, ही सुरुवात दोन्हीकडे एकच आहे.

कित्येक भाविकांना येथे अडचण वाटते. एका नशेच्या जागी दुसरे औषध देणे म्हणजे पापाशी तडजोड नव्हे काय? प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवसांच्या भुकेनंतरही भाकरीचा मोह नाकारला, मग याने चार दिवस का सोसू नये? ही शंका गंभीर आहे आणि तिचे उत्तर प्रभूच्याच चरित्रात आहे. चाळीस दिवस स्वतः उपाशी राहिलेल्या प्रभूने, तीन दिवस आपल्याजवळ राहिलेल्या लोकसमुदायास उपाशी घरी पाठवण्यास नकार दिला. ते वाटेत कासावीस होतील, याची त्याला काळजी होती. स्वतःच्या उपवासाचे माप त्याने इतरांना लावले नाही. आणि जी प्रार्थना त्याने आपणांस शिकवली, तीत परीक्षेला खंबीरपणे तोंड देण्याची बढाई नाही. परीक्षेत आणू नये, एवढीच नम्र विनंती आहे. तळमळ कमी करणे म्हणजे ती विनंती दुसऱ्यासाठी हाताने करणे होय.

केवळ प्रार्थनेच्या बळावर, औषधाशिवाय, यातना सोसून मुक्त झालेल्या बंधुभगिनींच्या साक्षी आपण ऐकल्या आहेत. त्या साक्षींबद्दल देवाची स्तुती असो. परंतु एकाची साक्ष दुसऱ्यासाठी नियम होत नाही. आणि येथे एक प्राणघातक वस्तुस्थिती प्रत्येक पाळकाने, प्रत्येक आईबापाने जाणून घ्यावी. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची पूर्वीची सहनशक्ती जाते. मग मोहाच्या एका घटकेत जुन्याच प्रमाणात डोस घेतला, तर श्वास थांबतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कारागृहातून सुटलेल्यांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट होता. म्हणून कोंडून, बांधून, तडफडवून 'शुद्ध' केलेल्या मुलाला पुढील आधाराशिवाय रस्त्यावर सोडणे, ही शिस्त नसून संकट आहे.

२०२० च्या टाळेबंदीत वाहतूक थांबली, तेव्हा रोज केंद्रावर येणाऱ्या रुग्णांना काही दिवसांचे औषध घरी नेण्याची मुभा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने दिली. एरव्ही ज्यांच्यावर एका गोळीसाठी विश्वास ठेवला जात नसे, त्यांच्या हाती अनेक गोळ्या सोपवल्या गेल्या. विश्वास हा नेहमी पात्रतेनंतरच द्यावयाचा असतो, की पात्रता कधी कधी विश्वासातून उगवते, याचा विचार आपल्या मंडळ्यांनी करण्याजोगा आहे.

ओझे आणि भार

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकीकडे एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि लगेच पुढे प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा, असेही म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हे शब्द दोन आहेत : एक चिरडून टाकणारे वजन, दुसरा प्रवाशाने पाठीवर घ्यावयाचा आपला बोजा. तळमळ हे पहिल्या जातीचे ओझे आहे. ते आपण मिळून उचलावे. आयुष्य सावरणे, भरपाई करणे, पत्नीपुढे खरे बोलणे, हा दुसऱ्या जातीचा भार आहे. तो त्याचा त्यानेच वाहावा. पहिले उचलण्यास आपण नकार दिला, तर दुसरा वाहण्यास तो उभाच राहू शकत नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या शहरातील सरकारी उपचार केंद्र कोठे आहे, याची चौकशी मंडळीने आजच, शांत घटकेत, करून ठेवावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे कुटुंबांना सांगावे. तळमळणाऱ्याकडून शपथ घेऊ नये. त्याला प्रथम डॉक्टरकडे न्यावे व शपथेचा विषय पुढे ठेवावा. त्याच्या पत्नीची तपासणी व्हावी, तिची लाज मंडळीने आपल्यावर घ्यावी. आणि तो पुन्हा घसरला तर दार बंद करू नये, कारण घसरणे हे या आजाराच्या वाटेवर वारंवार घडते.

उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात दोघे भाऊ पुन्हा भेटतात. वीस वर्षे परदेशी काढलेला याकोब भीत भीत, सात वेळा भूमीपर्यंत लवत येतो. चारशे माणसे बरोबर असलेला एसाव धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि दोघे रडतात. ज्येष्ठत्व विकून बसलेल्या भावामध्ये एवढे मोठे मन असेल, असे त्या वरणाच्या भांड्यापाशी कोणाला वाटले असते? यमुनेच्या काठावर आज जो थरथरत बसला आहे, त्याच्यात काय दडले आहे, ते त्याची भूक शमल्यावाचून आपणांसही कळणार नाही.